एकच नाव पुण्यास जाईल

सोमवार, १ जुलै १९५७

उद्धवराव मास्तरांनी ही वही दिली. प्रौढांचा वर्ग संपला म्हणून अक्षर विसरू नका, रोज चार ओळी लिहा म्हणाले. आणि अधूनमधून दाखवत जा म्हणाले. तिथंच मी ओळखलं. फुकट वही कोण देतं? आमच्या घरात काय चालतं ते यांना वाचायचं असणार. लिहीन, पण दाखवायची नाही. ज्वारीच्या कणगीमागे ठेवीन.

पहिल्या पानावर स्वतःबद्दल लिहायचं असतं. मी पुतळाबाई गेनबा भोई. वय पंचेचाळीस धरा. आमची आळी पवनेच्या या काठाला, पलीकडे कासारवाडीचं स्टेशन. मालक आणि मी नाव चालवतो. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका संस्थेनं इथं शाखा काढली. ती समुद्रात बुडणाऱ्यांना काढते, नदीत बुडणाऱ्यांनी काय पाप केलंय असं कुणाच्या तरी डोक्यात आलं असेल. आमचं जलरक्षक दल. पगार नाही, काही नाही. मालक, माझा दीर दादू, ज्योतीराम, मी, आणि चिटणीस म्हणून मास्तर, ज्यांना पोहता येत नाही. सामान म्हणजे एक नाव, एक दोर, एक शिट्टी. मोठा कंदीलही होता. तो पुण्याच्या कचेरीनं दिवाळीत 'तपासायला' नेला. अजून तपासतायत.

शनिवार, ६ जुलै

मास्तर आले आणि ओट्यावर बसून विचारायला लागले. वय काय, किती वर्षं पाण्यात, गेल्या साली पुरात बाभळीवरून माणसं काढली ती किती, त्या दिवशी नाव कुणी धरली होती. सगळं लिहून घेत होते. मी म्हटलं, "हे कशापायी?"

"वरून चौकशी आलीय," म्हणाले.

चौकशी चोराची होते, नाहीतर जमिनीची. आमच्याकडे जमीन नाही.

निघताना हसून म्हणाले, "पुतळाबाई, तुम्ही नाव काढाल."

मी म्हटलं, "काढते की. रोज सकाळी सहाला काढते, गाडीच्या माणसांसाठी."

मास्तर इतके हसले की तोंडातलं पान गिळलं. यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. शहाण्या माणसानं उगीच हसलं की समजावं, काहीतरी लपवतोय.

गुरुवार, ११ जुलै

आज सगळं उघड झालं.

पोस्टमन पलीकडून येतो. मास्तरांना आलेलं कार्ड त्यानं नावेतच दादूच्या हातात टाकलं. दादूला अक्षर येत नाही. मी घेतलं आणि चुलीपुढे बसून एक एक अक्षर लावत वाचलं. खाली जसंच्या तसं उतरवून ठेवते, उद्या कुणी नाही म्हणायला नको.

'आपल्या दलाकडील एक नांव पुण्यास पाठविण्यासाठीं घेण्यांत येत आहे. नारळी पौर्णिमेस एकच नांव जाईल. तत्पूर्वीं आमचे साहेब घाटावर पाहणीस येतील. तोंवर कोणांसही सांगूं नये.'

नाव या शब्दावर टिंब आहे. टिंब दिलं की नाकातून बोलायचं, असं मास्तरांनी शिकवलंय. नाकातून बोला नाहीतर तोंडातून, नाव ती नाव. 'एकच नाव जाईल' म्हणे. जसं काही आमच्याकडे दहा बांधून ठेवल्यात.

दादू म्हणाला, "वैनी, काय लिव्हलंय?"

"आपली नाव नेत्यात पुण्याला."

"येकच हाय की आपली."

"तेच लिहिलंय. एकच जाईल."

दादू कार्ड उलटंपालटं करून बघत राहिला. मालक आतून म्हणाले, "मास्तरला इचार की सरळ."

"मास्तरच सामील हाय. कुणाला सांगू नये म्हणून लिहिलंय त्याला. बघा, वाचा."

मालकांना वाचता येत नाही.

ही नाव सासऱ्यांच्या हातची. दलाला दिली, तिच्यावर पांढऱ्या रंगात आकडा लिहू दिला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. आकडा टाकला की वस्तू सरकारी होते. पुढं आषाढाचं पाणी चढणार, आणि आळीत नाव नसली तर नदीतल्या मधल्या बेटावर माळवं करणारी माणसं काय उडत येणार? कंदील गेला तेव्हा मी बोलले नाही. आता नाही ऐकायची.

शुक्रवार, १२ जुलै

केलं.

दुपारी सगळी रानात भातलावणीला, कामावरची कामावर. दादूला घेतलं. नाव मागच्या डोहात नेली, खडकाच्या आडोशाला, दगड भरले आणि बुडवली. यात नवीन काही नाही. उन्हाळ्यात फळ्या उलतात म्हणून आम्ही दरसाल बुडवून ठेवतोच. फक्त तेव्हा सगळ्यांच्या देखत करतो.

नाव बांधायचा दोर कापला आणि तुटका तुकडा खुंटीला ठेवला. विचारलं तर सांगायचं, पाण्यानं ओढून नेली.

दादू म्हणाला, "वैनी, पाणी चढलं आन नाव लागली तर?"

"तवर साहेब येऊन जाईल. मग काढू."

मालकांना संध्याकाळी सांगितलं. ते ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवले. एवढंच म्हणाले, "पान्यावर खोटं बोलू ने."

सोमवार, १५ जुलै

नाव नीट बांधली नाही म्हणून आळी माझ्यावर खार खाऊन आहे. कामावरच्या माणसांना दापोडीच्या पुलावरून वळसा पडतो. ज्योतीराम पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात आहे, मराठवाड्यातून आलेला, आमच्या शेजारी खोली करून राहतो. शिफ्ट चुकली म्हणून आज खुंटीपाशी येऊन उभा राहिला. दोराचं टोक बोटांत धरून बघितलं.

"मावशी, पाण्यानं तुटलेला दोर झिरमिळ्या व्हायलाय का असा सरळ?"

"पाण्याला धार असती."

"असंल बाबा. इकडच्या पाण्याला असंल."

हसला आणि गेला. हा कुणाचा माणूस आहे ते बघायला हवं.

मास्तर आले ते घाबरेघुबरे. "ऐन वेळी! अहो, साहेब पाहणीला येणार, मी आता काय दाखवू?"

बघा. स्वतःच्या तोंडानं बोलले. मी म्हटलं, "काय दाखवायचं होतं?"

मास्तर गोंधळले. "काही नाही, काही नाही. तुम्ही काळजी करू नका." आणि माझ्याकडे असं बघत राहिले, जसं लग्नाआधी नवऱ्या मुलीकडे बघतात. मला शिसारी आली.

शनिवार, २० जुलै

वर मावळात पावसाचा जोर आहे. पाणी लाल झालं. घाटाच्या पाच पायऱ्या गेल्या. साहेब काही आला नाही.

दादू दोनदा म्हणाला, "काढू का?" मी म्हटलं, मंगळवारपर्यंत थांब. आता तो म्हणतो की डोहात उतरायला नको, खाली ओढ आहे.

बुधवार, २४ जुलै

काल लिहायला हात उचलत नव्हता. आज लिहिते, सगळं लिहिते.

मधल्या बेटावर सोजराबाईचं माळवं आहे. काकड्या, दोडके. काल सकाळी ती आणि तिचा सासरा आबाजी वेल सावरायला गुडघाभर पाण्यातून गेले. दहाच्या सुमाराला पाणी एकदम आलं. शिट्टी ज्योतीरामनं वाजवली, त्याची पाळी नव्हती म्हणून तो घरी होता. आम्ही घाटावर गेलो तर बेट दिसेना, नुसता उंबर दिसतो आणि उंबरावर दोघं. सोजराबाईचं लुगडं वाऱ्यानं फडफडत होतं.

सगळी आळी काठावर. आणि सगळ्यांनी एकदमच खुंटीकडे बघितलं.

दादू डोहाकडे पळाला. मीही. डोह कुठला आणि नदी कुठली ते कळत नव्हतं. खडकाचं टोकही पाण्याखाली. दादू उतरायला लागला, मी त्याचं धोतर धरून मागं ओढला. तिथं उतरला असता तर वर आला नसता.

मग मी घरात गेले आणि आढ्याला टांगलेली भोपळ्यांची सांगड काढली. आमच्या आजेसासूबाई यावरच नदी ओलांडायच्या. चार सुके भोपळे दोरीच्या जाळीत, मधे पोट टेकायचं. एका वेळी एकच माणूस आणता येतो. मालक म्हणाले, "मी जातो." त्यांना दमा. मी म्हटलं, "तुम्ही दलाचा दोर धरा."

दोर सांगडीला बांधला. वरच्या अंगानं पाण्यात शिरलं म्हणजे ओढीनं उंबरावर जाता येतं. गेले. आबाजी म्हणाला, "सुनंला ने आधी." सोजराबाई म्हणाली, "मामंजीस्नी न्या." मी म्हटलं, "वाद पलीकडं जाऊन घाला," आणि म्हाताऱ्याला धरून सांगडीवर आडवा घातला. त्याचे हात आधी सुटणार होते.

दुसऱ्या खेपेला सोजराबाई. मधे एक ओंडका आला. दोरावर आदळला. काठावर दोराचा शेवटचा वेढा दादूनं दंडाला घेतला होता, बाकी सगळ्यांच्या हातातून दोर निसटला, त्याच्या दंडातून नाही सुटला. हाड मोडल्याचा आवाज मला पाण्यात ऐकू आला असं वाटतं. नसेल आला. पण त्यानं दोर सोडला नाही, म्हणून आम्ही दोघी आहोत.

भोसरीच्या हाडवैद्यानं हात बांधला. म्हणाला, कोपरात आहे, सरळ होईल असं नाही. वल्हं मारायला दोन हात लागतात.

दादूनं कुणाला काही सांगितलेलं नाही.

शुक्रवार, २६ जुलै

मास्तर आले. डोळ्यांत पाणी. हात जोडून म्हणाले, "पुतळाबाई, आता लपवत नाही. तुमचं नाव पुण्याला गेलं!"

मी म्हटलं, "कशी जाईल? ती डोहात—" आणि जीभ चावली.

मास्तरांचं लक्ष नव्हतं. ते बोलतच होते. मुंबईची संस्था दरवर्षी नारळी पौर्णिमेला चांगल्या कामाबद्दल स्वयंसेवकांचा बिल्ला देऊन सत्कार करते. समुद्रावरचे असतात, यंदा पहिल्यांदा नदीवरचा एक, म्हणून समारंभ पुण्यात. प्रत्येक दलातून एकच नाव घ्यायचं. मास्तरांनी माझं दिलं. म्हणून वय, म्हणून गेल्या सालची माणसं, म्हणून पाहणी. "वरून कार्ड यायचं होतं, ते कुठं गहाळ झालं कोण जाणे. गुप्त ठेवा असं मीच त्यांना लिहिलं होतं. म्हटलं, तुम्हाला ऐन वेळी सांगावं."

मी विचारलं, "मास्तर, नाव म्हणजे, माझं नाव? पुतळाबाई?"

"मग दुसरं कोणतं?"

"त्याच्यावर टिंब देतात का?"

"देतात. माणसाच्या नावावर टिंब. पाण्यातल्या नावेवर नाही. का हो?"

"काही नाही," म्हटलं.

मग त्यांनी परवाच्या पुरावर लिहिलेला नवा कागद वाचून दाखवला. 'दलाची नाव वाहून गेली असतांहि, जिवाची पर्वा न करतां, केवळ भोपळ्यांच्या आधारानें...' पाहणी आता लागणार नाही म्हणाले. हा कागद वाचून साहेब हो म्हणाले.

ते गेल्यावर मी कणगीमागून कार्ड काढलं. टिंब आहे तिथंच आहे. चुलीत घातलं. मग वाटलं, घालायला नको होतं.

रविवार, ४ ऑगस्ट

मला आता सगळ्यांचीच भीती वाटते. ज्योतीराम म्हणतो, "मावशी, लई मोठा सत्कार हाय, पेपरात येतंय." हसतो. त्याला माहीत आहे. माहीत नसेल तर हसतो कशाला?

सोजराबाई काल काकड्या घेऊन आली. पुरातून एकच वेल वाचला, त्याच्या. ओट्यावर ठेवून पाया पडायला लागली. मी ओरडले, "उठ, माझ्या पाया पडायची न्हाई!" ती दचकली. आळीत सांगत सुटली असेल की बाईला आत्ताच ताठा आलाय.

मालकांना विचारलं, काय करू. ते जाळं विणत होते. म्हणाले, "सांग न्हाईतर सांगू नको. पर तो बिल्ला घरात टांगायचा न्हाई."

दादूला विचारलं. तो म्हणाला, "वैनी, मीबी दगड भरलं हायती. मला कुठं सत्काराला बोलावलंय?" मग हसला. हसताना हात हलला आणि तोंड वेडंवाकडं झालं.

रविवार, ११ ऑगस्ट

काल पुण्यात समारंभ झाला. मोठा दिवाणखाना, पंखे, समोर दर्यावरचे कोळी लोक बसलेले, लाल टोप्या, त्यांच्या बायका सोन्यानं मढलेल्या. एकीनं विचारलं, "तुमची खाडी कोणची गो?" मी म्हटलं, "पवना." तिनं ऐकलं नव्हतं.

बिल्ला पितळी. त्यावर एक दांडा आणि दोन फाळ. शेजारचा माणूस म्हणाला, हा नांगर. मी म्हटलं, असला नांगर असता तर आमच्याकडे एक दाणा पिकला नसता. तो म्हणाला, जहाजाचा नांगर, बाई. जहाज हलू नये म्हणून.

मला पक्कं वाटत होतं की हा सापळा आहे. यांना सगळं कळलंय आणि चारचौघांत विचारणार. बरंच झालं, विचारू देत. पण कुणी विचारेना. नाव पुकारलं, मास्तरांनी ढकललं, मी वर गेले. मुंबईचे मोठे साहेब, गोरे, पारशी असावेत, बिल्ला घेऊन पुढं आले. मी हात आडवा केला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हटलं:

"साहेब, थांबा. नाव मी बुडवली."

साहेब एक क्षण थांबले. मग त्यांचा चेहरा असा फुलला.

"नाय, नाय, बाई! तुमी नाव बुडवला नाय. तुमी नाव काढला!"

आणि सगळा दिवाणखाना टाळ्या वाजवायला लागला. मी पुन्हा म्हटलं, "अहो, मी, माझ्या हातानं," पण टाळ्यांत कुणाला ऐकू येतंय. साहेबांनी बिल्ला लावला. मागून कोणीतरी म्हणालं, किती साधी बाई आहे.

 गाडीत खडकी गेल्यावर मास्तर म्हणाले, "तुम्ही 'बुडवली' म्हणालात. साहेबांना नीट मराठी येत नाही. मला येतं."

मी सगळं सांगितलं. कार्ड, टिंब, डोह, दोर. मास्तर रागावले नाहीत, त्याचंच मला नवल. म्हणाले, "गुप्त ठेवा लिहिलं नसतं तर..." मग म्हणाले, "आता कुणाला सांगू नका. दल मोडेल. आणि साहेबांना मी काय लिहू?"

तर हे असं. स्वतःच्या कागदाची काळजी. किंवा नसेल. खरोखर दलाची असेल. मला आता माणसांच्या बोलण्यातलं काही ओळखता येत नाही. इतके दिवस ओळखलं ते सगळं चुकीचं ओळखलं.

रविवार, १८ ऑगस्ट

पाणी उतरलं. खडक उघडा पडला.

सकाळी मी शिट्टी घेतली आणि वाजवली. आळी धावत आली, कोण बुडतंय बघायला. मी म्हटलं, "कोणी बुडत नाही. चला माझ्याबरोबर." डोहावर नेलं. मालकांनी आणि मी दोर लावला. ज्योतीराम न विचारता पाण्यात उतरला. नाव वर आली, चिखलानं भरलेली, आणि आत दगड. सगळ्यांना दिसले. वाहून गेलेल्या नावेत दगड कुठून येतात ते कुणाला सांगावं लागलं नाही. मी तरीही सांगितलं. सुरुवातीपासून.

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आबाजी म्हातारा तेवढा म्हणाला, "टिंबापायी?" आणि खाली बसला.

सोजराबाई पदर खोचून नावेत चढली. दगड काढायला लागली. एक एक उचलून काठावर ठेवत होती, मोठे मोठे, एकटीनं. मी हात लावायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." शेवटचा दगड ठेवला, हात धुतले आणि घरी गेली.

सोमवार, १९ ऑगस्ट

सहाला नाव घाटाला लावली. नीट धुतली आहे, भेगा भरल्या आहेत, थेंब आत येत नाही. कामावरची माणसं आली, घाटावर उभी राहिली, नावेकडे बघितलं आणि एकामागे एक पुलाच्या वाटेला लागली. एवढा वळसा घालून. ज्योतीराम थांबला होता, पण बाकीचे गेले तसा तोही गेला. मान खाली घालून.

मी म्हटलं, रिकामी तर रिकामी. पलीकडे जाऊन येते. वल्हं उचललं.

तेवढ्यात दादू पायऱ्या उतरून आला. हात गळ्यात बांधलेला. दुसऱ्या हातानं काठ धरला आणि आत येऊन पुढच्या फळीवर बसला.

मी म्हटलं, "तुला कुठं जायचंय कासारवाडीला?"

"कुठंच न्हाई. रिकामी नाव लई डुलती, वैनी. वजन पायजे."

पलीकडे गेलो, आलो. पुन्हा गेलो, आलो. चौथ्या खेपेला पलीकडच्या काठावर एक परकी बाई उभी होती, डोक्यावर बोचकं. ती चढली. तिला काही माहीत नव्हतं. मधे आल्यावर दादूकडे बघून म्हणाली, "हाताला काय झालं, बाबा?"

दादूनं माझ्याकडे बघितलं. मी वल्हं थांबवलं आणि तिला सांगायला लागले.